काशीमीऱ्याचं जेवण आणि मनाचा इतिहास

मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा महामार्ग दहिसर ओलांडून साष्टीच्या उत्तर टोकाला येतो आणि ठाण्याकडून आलेला घोडबंदर रस्ता त्याला काशीमीऱ्याजवळ मिळतो. वाहतूक कोंडी, हॉटेलं, गॅरेजं आणि मीरारोडच्या इमारतींकडे वळणाऱ्या रिक्षा, एवढीच आज या नाक्याची ओळख उरली आहे. इथला इतिहास सांगायचा झाला की लोक घोडबंदरच्या किल्ल्यापासून सुरुवात करतात. किल्ला पोर्तुगीजांनी बांधला, 1737 च्या मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला आणि पुढे तो इंग्रजांकडे गेला. या परिसराला दुसराही एक इतिहास आहे आणि तो इथल्या माणसांच्या जेवणाचा आहे. गेल्या वीसेक वर्षांत पोटातल्या जिवाणूंवर जे संशोधन झालं, त्यामुळे त्या इतिहासाला नवा अर्थ आला आहे. आतड्यांतले जिवाणू मेंदूवर आणि वागण्यावर परिणाम करतात, हे आता गंभीरपणे घेतलं जातं. त्यावरून प्रत्येकानं आपापली प्रोबायोटिकची बाटली विकत घ्यावी, असा निष्कर्ष बाजारानं काढला आहे. तो मला पटत नाही. जिवाणू माणसाच्या पोटात येतात ते जमिनीतून, पाण्यातून, भांड्यातून आणि घरच्या-शेजारच्या माणसांतून, आणि टिकतात ते रोजच्या जेवणावर. म्हणून त्यांचा विचार आधी गावाचा आणि मग माणसाचा असायला हवा. काशीमीऱ्याचा भूतकाळ नीट वाचला तर हेच दिसतं.

पोटातले जिवाणू खरोखर मनापर्यंत पोचतात का, हा प्रश्न आधी निकालात काढायला हवा. याचा सगळ्यात पक्का पुरावा यकृताच्या रुग्णांकडून मिळतो. यकृत निकामी होत आलेला माणूस दिवसा झोपतो आणि रात्री जागतो, चिडचिड करतो, घरच्या माणसांवर संशय घेतो, त्याची सही बदलते, हात पुढे केले की पंजे फडफडतात. पुढे तो बरळू लागतो आणि शेवटी बेशुद्ध होतो. मोठ्या आतड्यातले जिवाणू प्रथिनं फोडून अमोनिया तयार करतात, आजारी यकृत तो गाळू शकत नाही आणि तो रक्तातून मेंदूत जातो. लंडनमध्ये शीला शेरलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1954 साली या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. त्याच दशकात जिवाणू मारणारं निओमायसिन पोटात दिल्यावर असे रुग्ण शुद्धीवर येतात हे दिसलं. 1966 साली लॅक्ट्युलोज नावाचं गोड पातळ औषध वापरात आलं. ते आतड्यात पचत नाही. जिवाणू ते आंबवतात, आतड्यातलं आम्ल वाढतं, अमोनिया तिथेच अडकतो आणि शौचावाटे निघून जातो. दोन-तीन दिवसांत माणूस पुन्हा नीट बोलू लागतो. मुंबई-ठाण्याच्या रुग्णालयांत हे औषध रोज दिलं जातं. मेंदूला हात न लावता, केवळ मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं काम बदलून माणसाचं वागणं बदलता येतं, याचा याहून स्वच्छ दाखला दुसरा नाही.

यकृताचा आजार हे टोकाचं उदाहरण झालं. निरोगी माणसाचं काय, याची उत्तरं अजून आकार घेत आहेत, पण त्यांची दिशा दिसते. जपानमधल्या क्यूशू विद्यापीठात नोबुयुकी सुदो यांच्या गटानं 2004 साली जन्मापासून जिवाणूविरहित वाढवलेल्या उंदरांना थोडा वेळ कोंडून ठेवलं. त्यांच्या रक्तातली ताणाची संप्रेरकं साध्या उंदरांपेक्षा कितीतरी जास्त उसळली. लहानपणीच योग्य जिवाणू दिले तर हा दोष सुधारत होता, वय वाढल्यावर दिले तर नाही. 2011 साली आयर्लंडच्या कॉर्कमधल्या गटानं उंदरांना लॅक्टोबॅसिलस जातीचा एक विशिष्ट जिवाणू खाऊ घातला, तेव्हा त्यांची भीती कमी झाली. पोट आणि मेंदू यांना जोडणारा व्हेगस मज्जातंतू कापल्यावर मात्र हा परिणाम नाहीसा झाला. 2014 साली स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेत दिसलं की जिवाणूविरहित उंदरांत रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा सैल असतो आणि ब्युटिरेट नावाचं मेदाम्ल दिलं की तो घट्ट होतो. हे ब्युटिरेट जिवाणू कशापासून बनवतात, तर आपल्याला न पचणाऱ्या तंतूंपासून: कोंड्यापासून, डाळींच्या सालींपासून, कंदांपासून, निवलेल्या भातातल्या चिवट पिष्टापासून. काशीमीऱ्याच्या जुन्या ताटाकडे जाण्याची वाट इथून निघते.

त्या ताटाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पोट आणि मन यांच्या नात्याची ही लाट पहिली नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अशीच एक लाट आली होती आणि तिचा एक धागा मुंबईपर्यंत आला होता. प्लेगची लस तयार करणारे वाल्देमार हाफकिन ऑक्टोबर 1896 मध्ये मुंबईत आले. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. 1899 साली परळच्या जुन्या सरकारी बंगल्यात त्यांची प्रयोगशाळा गेली आणि तीच आजची हाफकिन संस्था. हे हाफकिन ओडेसामध्ये इल्या मेच्निकॉफ यांचे विद्यार्थी होते आणि पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांच्याच सावलीत वाढले. शिष्य परळला रोगजंतूंशी लढत असताना गुरू पॅरिसमध्ये वेगळाच विचार मांडत होते. मोठ्या आतड्यातले कुजवणारे जिवाणू विष तयार करतात, त्या विषानं म्हातारपण लवकर येतं, आणि दही-ताकातले आम्ल बनवणारे जिवाणू त्यांना आवरू शकतात, असा तो विचार. बल्गेरियातले दही खाणारे शेतकरी दीर्घायुषी असतात, हा त्यांचा आधार होता. 1908 साली मेच्निकॉफना नोबेल मिळालं ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी, पण युरोपभर गाजलं ते त्यांचं दही. 1910 साली लंडनच्या बेथलेम रुग्णालयातले डॉक्टर जॉर्ज पोर्टर फिलिप्स यांनी खिन्नतेच्या 18 रुग्णांना दुधाचं आम्ल बनवणारे जिवाणू दिले. 11 रुग्ण पूर्ण बरे झाले आणि 2 सुधारले, असं त्यांनी लिहून ठेवलं. तुलनेसाठी वेगळा गट मात्र त्यांच्या प्रयोगात नव्हता.

ती लाट का ओसरली, हे आज विसरून चालणार नाही. पोटातलं विष मनात जातं ही कल्पना एकदा मान्य झाल्यावर काही डॉक्टरांनी पोटच कापायला घेतलं. लंडनमध्ये आर्बथनॉट लेन यांनी साध्या बद्धकोष्ठासाठी रुग्णांची मोठी आतडी काढली. अमेरिकेत ट्रेंटनच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन यांनी वेड बरं करण्यासाठी आधी रुग्णांचे दात उपटले, मग टॉन्सिल काढले आणि शेवटी आतड्यांचे तुकडे. कित्येक रुग्ण या शस्त्रक्रियांनी दगावले आणि रुग्ण बरे झाल्याचे कॉटन यांचे आकडे तपासणीत टिकले नाहीत. घोडबंदर रस्त्याच्या ठाण्याकडच्या टोकाला, ठाणे शहरात, 1901 पासून उभं असलेलं मनोरुग्णालय याच काळातलं आहे. वेडाचं मूळ मेंदूत, रक्तात, की पोटात, याबद्दल जगभरच्या वैद्यकात तेव्हा एकमत नव्हतं. पहिली लाट बुडाली तेव्हा तिच्याबरोबर एक बरी कल्पनाही बुडाली आणि पन्नास-साठ वर्षं पोटाकडे पाहणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाला कुणी गंभीरपणे घेतलं नाही. त्या काळातली चूक कोणती होती? जिवाणू मनावर परिणाम करतात असं मानणं ही ती चूक नव्हती. कारण एकच आहे आणि ते एका माणसाच्या शरीरात सापडेल, मग ते कापून किंवा बाटलीतून ओतून दुरुस्त करता येईल, असं मानणं ही ती चूक होती. आजच्या प्रोबायोटिकच्या जाहिरातीतही तीच चूक सौम्य रूपात दडलेली आहे.

आता काशीमीऱ्याकडे येऊ. या परिसराला पूर्वेला डोंगर आणि जंगल, उत्तरेला आणि पश्चिमेला खाडी. जंगलाच्या अंगाला, आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, वारली, कातकरी, मल्हार कोळी यांचे पाडे आहेत आणि माशाचा पाडा यासारखी नावं अजून पत्त्यात येतात. सखल भागात आगऱ्यांची भातशेती आणि मिठागरं होती. उत्तन-डोंगरीकडे कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती, आणि ताडा-माडांवर भंडारी. चार-पाच कोसांच्या आत इतकी वेगळी ताटं असणं हीच इथली खासियत होती. आगऱ्याचं शेत म्हणजे खारजमीन. बांध घालून समुद्राचं पाणी अडवायचं, उघाडीतून पावसाचं पाणी सोडून जमिनीतला खार धुवायचा आणि खारं पाणी सोसणारं तांबडं भात लावायचं. ते उखळात कांडलेलं असे, त्यामुळे कोंडा पुरता जात नसे. भाकरी तांदळाची, सकाळी पेज, रात्रीचा उरलेला भात पाण्यात किंवा ताकात कालवून. जोडीला सुकट, सुके बोंबील, जवळा आणि खाडीतलं जे मिळेल ते. पाऊस संपला की तेच हात मिठागरावर जात. भाईंदरचं मीठ आणि उत्तनचे खारवलेले मासे यांची सांगड अशी पडलेली होती.

डोंगराकडच्या पाड्यांवर ताट निराळं. नागली आणि वरई, उडीद, कुळीथ, पावसाळ्यात रानभाज्या. धान्य संपलं की कंद. त्यातला कडूकांदा थेट खाल्ला तर तोंड आणि घसा सोलून काढतो. म्हणून त्याच्या चकत्या करायच्या, उकडायच्या, टोपलीत भरून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायच्या आणि कडवटपणा गेला की खायच्या. नागलीचं पीठ पाण्यात भिजवून एक रात्र ठेवलं की आंबतं, मग शिजवून त्याची आंबील होते. या आंबवण्यासाठी बाहेरून काही घालावं लागत नाही. जिवाणू धान्यावर असतात, मडक्यात असतात, ढवळणाऱ्या हातावर असतात. एका पाड्यातली आंबील दुसऱ्या पाड्यातल्यासारखी लागत नाही, याचं कारण इथेच आहे. आंबवण्यात धान्यातलं फायटिक आम्ल फुटतं आणि लोह शरीराला जास्त मिळतं. लोहाची कमतरता लहान मुलाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते, हे पोषणशास्त्रात पक्कं ठरलेलं आहे. तेव्हा जिवाणूंचा मेंदूशी असलेला एक संबंध आतड्यात पोचण्याआधी मडक्यातच सुरू होतो, असं म्हणायला हरकत नाही.

ताडी हे त्या जगातलं सगळ्यात उघड उदाहरण. माडाची माडी, ताडाची ताडी आणि शिंदीची शिंदी, तिन्हींची कृती सारखीच. भंडारी संध्याकाळी झाडावर चढतो, फुलोऱ्याच्या कोंबाचं टोक कोयत्यानं पातळ कापतो आणि त्याखाली मडकं बांधतो. मडक्याला आतून चुना लावलेला असेल आणि सूर्य उगवण्याआधी ते उतरवलं तर हाती येते नीरा, गोड आणि निर्दोष. चुना नसेल तर रात्रीतच यीस्ट आणि जिवाणू कामाला लागतात. सकाळी ती आंबटगोड, दुपारी झिंग आणणारी आणि दुसऱ्या दिवशी शिरका होते. या ताडीनंच ईस्ट इंडियन घरांत फुग्यांचं पीठ फुगवलं जाई आणि पाव बनवणारेही तीच वापरत. सूक्ष्मजीव माणसाचं वागणं बदलतात हे सरकारला वैज्ञानिकांच्या आधी कळलं होतं, असं गमतीनं म्हणता येईल. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्यानं ताडी काढण्यावर परवाना आणि झाडागणिक कर यांचं जाळं घट्ट केलं. 1892 च्या कायद्यानं ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं साठवण्यावरही बंधन आलं. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर ताडीचा धंदा आणखी आवळला गेला. गावठी आंबवलेलं पेय असं हळूहळू ताटाबाहेर गेलं आणि त्याच्या जागी गावठी भट्टीची आणि पुढे कारखान्याची दारू आली. तिच्यात नशा पुष्कळ, जिवाणू मात्र एकही नाही.

हे जग बदललं कसं, याचे टप्पे सांगता येतात. 1864 साली मुंबईहून गुजरातकडची रेल्वे सुरू झाली आणि भाईंदर गाडीच्या वाटेवर आलं. तरी जेवण फारसं बदललं नाही. रेल्वेनं मीठ आणि भाजी बाहेर नेली, बाहेरून तेवढं काही आणलं नाही. खरा बदल स्वातंत्र्यानंतरचा. मुंबईतले गोठे हलवून 1949 साली गोरेगावला आरे दुग्ध वसाहत उभी राहिली आणि निर्जंतुक केलेलं, एकसारखं दूध घरोघर जाऊ लागलं. ही चांगलीच गोष्ट झाली, कारण कच्च्या दुधातून क्षयरोग आणि विषमज्वर पसरत. 1954 साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला आणि पेनिसिलिन सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं. 1958 साली गोदरेजनं भारतात फ्रिज बनवायला सुरुवात केली. हे तिन्ही बदल माणसाच्या भल्याचे होते आणि तिन्हींनी जिवाणूंशी असलेला रोजचा व्यवहार कमी केला. त्यानंतर माणसांचा लोंढा आला. काशीमीरा ज्यात येतं त्या मीरा-भाईंदरची नगरपरिषद 1985 साली झाली, महानगरपालिका 28 फेब्रुवारी 2002 रोजी. 1991 च्या जनगणनेत इथे सुमारे पावणेदोन लाख लोक होते, 2001 साली पाच लाख वीस हजार, 2011 साली आठ लाख नऊ हजार. भातखाचरं आणि मिठागरं भराव घालून बुजली. वीस वर्षांत साडेचारपट झालेल्या वस्तीला खारजमिनीचं तांबडं भात पुरलंही नसतं. तिथे आला पॉलिश केलेला तांदूळ, मैदा, पामतेल, पाकिटातला फरसाण आणि नाक्यावरचा चायनीज.

जेवण बदललं की जिवाणू बदलतात, यासाठी पुरावा आहे. थायलंडमधून अमेरिकेच्या मिनेसोटात गेलेल्या हमोंग आणि कारेन लोकांचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. स्थलांतरानंतर काही महिन्यांतच त्यांच्या आतड्यांतली विविधता घटू लागली. कोंडा-तंतूंवर जगणारे प्रिव्होटेला जिवाणू मागे पडले, त्यांच्या जागी बॅक्टेरॉइड्स आले आणि पुढच्या पिढीत हा बदल अधिकच वाढला. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी, आघारकर संस्थेच्या साथीनं, भारतीय आतड्यांचा अभ्यास केला. 2012 साली त्यांनी एकत्र कुटुंबांतल्या तीन पिढ्यांची तुलना करून वयाप्रमाणे जिवाणूंचं मिश्रण कसं बदलतं ते दाखवलं. 2014 साली निरोगी माणसाच्या मळातून वेगळा केलेला एक नवा जिवाणू त्यांनी नोंदवला आणि त्याचं नाव मेगास्फेरा इंडिका ठेवलं. 2016 च्या अभ्यासात भारतीय पोटांत प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा ठळकपणे जास्त आढळले. तेव्हा भारतीय पोट हे युरोपीय पोटाची नक्कल नाही. आज ज्या जिवाणूंवर बहुतेक मनोवैज्ञानिक निष्कर्ष उभे आहेत ते युरोप-अमेरिकेतल्या पोटांतले आहेत. ते काशीमीऱ्याला जसेच्या तसे लावणं ही विज्ञानाची थट्टा ठरेल.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सारं म्हणजे जुन्या काळाचे गोडवे गाणं आहे. जुन्या ताटात विविधता होती, पण पोटभर अन्न होतं का? नव्हतं. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांची वेठ आणि उपासमार इतकी होती की 1945 साली त्यांना उठाव करावा लागला, आणि तो उभा करणाऱ्या गोदावरी परुळेकरांच्या लेखनात त्या दारिद्र्याची सविस्तर नोंद आहे. कडूकांदा हे हौसेचं खाणं नव्हतं, तो धान्य संपल्यावरचा आधार होता. त्याच ओढ्याच्या पाण्यातून पटकी आणि हगवणही यायची आणि लहान मुलं त्यानं दगावायची. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. निर्जंतुक दूध, नळाचं पाणी आणि पेनिसिलिन यांनी वाचवलेले जीव कुठल्याही आंबिलीनं वाचले नसते. पण त्यातून एवढंच सिद्ध होतं की जुन्या जगाकडे परत जाता येणार नाही. रोगजंतू घालवताना उपयोगी जिवाणूंचं खाद्यही ताटातून काढून टाकणं अटळ होतं, हे त्यातून सिद्ध होत नाही. नळाचं पाणी आणि नागलीची भाकरी यांत कुठलंही भांडण नाही. पाणी स्वच्छ झालं तेव्हाच भाकरी पांढरी झाली, हा केवळ काळाचा योगायोग आहे.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे: उंदरांवरून माणसांबद्दल बोलता येत नाही. कॉर्कमधल्या ज्या लॅक्टोबॅसिलसनं उंदीर शांत झाले, तोच निरोगी पुरुषांना दिल्यावर 2017 साली त्याच शहरातल्या संशोधकांना काहीच फरक दिसला नाही, आणि त्यांनी तसं प्रामाणिकपणे छापलं. शरीरातलं सुमारे नव्वद टक्के सेरोटोनिन आतड्यात बनतं हे वाक्य सतत ऐकू येतं, पण ते सेरोटोनिन मेंदूचा पडदा ओलांडून आत जात नाही, हे त्याच्यासोबत सांगितलं जात नाही. 2019 साली बेल्जियमच्या फ्लँडर्समध्ये 1,054 लोकांच्या पाहणीत नैराश्य असलेल्यांत कोप्रोकॉकस आणि डायलिस्टर हे जिवाणू कमी आढळले. पण आधी काय आलं, नैराश्य की जिवाणूंची घट? उदास माणूस नीट जेवत नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2021 साली आत्ममग्न मुलांबद्दल नेमकं हेच दाखवलं. ही मुलं मोजकेच पदार्थ खातात म्हणून त्यांच्या पोटातली विविधता कमी होते, विविधता कमी म्हणून आत्ममग्नता येते असं नाही. या आक्षेपानं माझा मुद्दा दुबळा होतो असं वाटेल, पण तो उलट बळकट होतो. पुरावा डळमळीत आहे तो एखादा निवडक जिवाणू गोळीतून देऊन मन बदलण्याबद्दल. एकूण ताट बदललं की जिवाणूंचा एकूण समाज बदलतो, याबद्दलचा पुरावा भक्कम आहे. 2021 साली स्टॅनफर्डमध्ये 36 जणांनी दहा आठवडे भरपूर तंतूंचा किंवा आंबवलेल्या पदार्थांचा आहार घेतला. आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या आतड्यांतली विविधता वाढली आणि रक्तातली दाह दाखवणारी अनेक द्रव्यं घटली. सतत रेंगाळणारा दाह आणि नैराश्य यांचं नातं वैद्यकात स्वतंत्रपणे अभ्यासलं जातंच.

तिसरा आक्षेप समाजशास्त्राचा आहे आणि तो हलका मानता कामा नये. काशीमीऱ्याच्या माणसाचं मन बिघडवायला लोकलची गर्दी, घराचे हप्ते, ठेकेदारीची नोकरी आणि पाड्यावर हक्काच्या जमिनीचा वाद एवढं पुरेसं असताना जिवाणूंना कुठे मध्ये आणता? हे खरंच आहे की मनाचे आजार आधी माणसाच्या परिस्थितीतून येतात आणि नैराश्यावर उपाय डॉक्टरकडे शोधायचा असतो, ताकाच्या पेल्यात नव्हे. पण जिवाणू परिस्थितीच्या बाहेर राहतात असं कुणी सांगितलं? दोन तास प्रवास करून रात्री घरी येणारी बाई कुळीथ भिजत घालत नाही, ती पाकीट फोडते. जंगलात जायला बंदी झाल्यावर पाड्यावरच्या ताटातून कंद जातो. सर्दीला औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक घेतलं जातं, कारण सुट्टी घेऊन डॉक्टरकडे थांबणं परवडत नाही. परिस्थिती पोटात उतरते ती अशी. जिवाणूंचा अभ्यास समाजशास्त्राची जागा घेत नाही. समाजानं माणसाच्या शरीरावर केलेला परिणाम मोजायचं ते आणखी एक साधन आहे, आणि मोजता येणारी गोष्ट नाकारणं प्रशासनाला जरा अवघड जातं.

म्हणून निष्कर्ष सरळ आहे. मेच्निकॉफच्या काळात लोकांनी एका माणसाच्या पोटात उत्तर शोधलं आणि हात पोळून घेतले. तीच चूक आज पुन्हा नको. मीरा-भाईंदरच्या शाळांतल्या पोषण आहारात पांढऱ्या तांदळाच्या खिचडीशेजारी नागली, कुळीथ आणि ताक आणायला संशोधनाच्या अंतिम निकालाची वाट पाहावी लागत नाही. मनाला फायदा झाला नाही, तरी रक्ताला आणि हाडांना होईलच. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणाऱ्यांवर कारवाई व्हायला हवी, कारण ते औषध गरज नसताना घेतलं की आतड्यातला जिवाणूंचा समाज उजाड होतो आणि गरज असताना निरुपयोगी ठरतं. वनहक्काच्या दाव्यांचा निकाल लवकर लागला तर पाड्यांना कंद आणि भाजी पुन्हा मिळेल. पुण्यात जिवाणूंचा राष्ट्रीय संग्रह आहे, मुंबईत मेच्निकॉफच्या शिष्याच्या नावाची संस्था आहे आणि त्यांच्यामध्ये, राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, नागली आंबवायला घालणारी शेवटची म्हातारी माणसं अजून हयात आहेत. त्यांचं ताट, त्यांच्या संमतीनं आणि त्यांच्या फायद्यासाठी, आत्ताच नोंदवून ठेवावं. पुढच्या पिढीच्या संशोधकाला हे सारं पुन्हा पाहता येणार नाही.